पुरेसा साठा नेमका कुणाच्या गोदामात आहे? मराठवाड्यातल्या कृषी अधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव या आठ जिल्ह्यांतले सर्व कृषी अधिकारी

महोदय,

स. न. वि. वि.

खरिपाच्या आढावा बैठका सुरू झाल्या की तुमच्याकडून एक पत्रक निघतं. खतांचा आणि बियाण्यांचा साठा पुरेसा आहे, शेतकऱ्यांनी घाबरून जादा खरेदी करू नये, असा त्याचा मजकूर. यंदाही ते निघालं. संध्याकाळी आमच्या गावच्या ग्रुपवर पडलं आणि दुसऱ्या दिवशी शटर उघडायच्या आत तालुक्याच्या दुकानापुढं रांग लागली. तुम्हाला याचं नवल वाटत असेल, आम्हाला वाटत नाही. ज्या पत्रकात आकडा नाही, गावाचं नाव नाही, दुकानाचं नाव नाही, ते वाचून कास्तकार एकच अर्थ काढतो: वर कुणाला तरी टंचाईची कुणकुण लागलीय. नाहीतर घाबरू नका असं कुणी कशाला सांगेल?

मग त्या रांगेचा फोटो पेपरात येतो, आणि तुमच्यापैकी कुणीतरी बोलून जातं की टंचाई नाहीच, शेतकरीच घरात साठे करून बसलेत. ते वाचून गप्प बसवलं नाही, म्हणून हे पत्र. शेतकऱ्यांनी साठा केला हे अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्याबद्दल मी आमच्याच माणसांना खाली चार शब्द बोलणार आहे. उरलेलं अर्धं मात्र तुमच्या टेबलावर आहे.

मी गोदाकाठची. सासऱ्यांच्या नावावरची चार एकर काळी जमीन आणि शेजारची दोन एकर बटईनं, एवढा माझा पसारा. सोयाबीन, कपाशी, मधे तुरीची तासं. मालक गेल्यापासून बी-खताला मीच जाते. पत्राखाली नाव घातलेलं नाही. ज्या दुकानातून खत घेते तिथंच माझं उधारीचं खातं आहे, दिवाळीच्या आसपास सोयाबीन विकलं की ते फिटतं. नाव छापून आलं तर पुढच्या जूनला उधारी बंद होईल. तुमच्या तक्रार कक्षाचा फोन वाजत नाही तो यामुळंच.

2025 च्या खरिपात डीएपी (पेरताना टाकायचं नत्र-स्फुरदाचं खत) कमी होतं, हे मी नाकारत नाही. देशाला लागणाऱ्या डीएपीतलं निम्म्याच्या आसपास बाहेरून येतं, आणि इथं तयार होतं त्याचा कच्चा मालही बराचसा बाहेरचाच. चीननं निर्यात आखडली. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून कित्येक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली. यातलं काही तालुका कृषी कार्यालयाच्या हातात नव्हतं, तेव्हा त्याचा दोष मी तुम्हाला देत नाही.

पण माल कमी येणं वेगळं आणि आलेला कमी माल गावात पोहोचायच्या आत चार घरांत जाऊन बसणं वेगळं. पहिलं तुमच्या हातात नाही, दुसरं आहे.

आधी घाई का होते ते समजून घ्या, कारण तुमच्या पत्रकात ती नुसती हाव दिसते. आमची बहुतेक जमीन पावसावरची. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं विद्यापीठ सांगतं आणि ते बरोबरच आहे. तेवढा पाऊस झाला, वापसा आला, म्हणजे जमीन पेरण्याइतपत सुकली, की हातात मोजके दिवस असतात. युरिया मागून टाकता येतो. डीएपीचं तसं नाही. त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) जमिनीत फारसं सरकत नाही, ते पेरतानाच बियाच्या बाजूला, मुळाच्या वाटेवर पडावं लागतं. ट्रॅक्टर सांगितलेला असतो, पेरणीयंत्र गावात एक-दोनच असतं आणि पुढचा माणूस पाळीला उभा असतो. त्या दिवशी पोतं घरात नसेल तर ते आठ दिवसांनी येऊन उपयोग नाही. ज्याला हे माहीत आहे, तो दोन पोत्यांच्या गरजेला चार पोती घेऊन ठेवतो. मीही त्याच्या जागी असते तर पैसे असल्यास तेच केलं असतं. फरक एवढाच, की मार्च-एप्रिलमध्ये माझ्याकडं पैसे नसतात. तेव्हा पैसे असतात त्याच्याकडं खत जातं, आणि जूनमध्ये ज्याला पेरायचं असतं तो त्याच्या दारात उभा राहतो.

आता अंगठ्याची गोष्ट. 2018 पासून देशभर अनुदानाचं खत ई-पॉस यंत्रावर आधार आणि अंगठा घेऊन विकलं जातं. युरियाची 45 किलोची बॅग आम्हाला 266 रुपये 50 पैशांना पडते. तिचा खरा खर्च त्याच्या कितीतरी पट आहे, वरचे पैसे सरकार कंपनीला देतं. डीएपीची 50 किलोची बॅग 1350 ला, तिच्यामागंही अनुदान आहे. यंत्रावर विक्री चढली की अनुदानाचा हिशोब सुरू होतो. म्हणजे प्रत्येक बॅगेमागं एक नाव, एक तारीख, एक दुकान नोंदलेलं आहे. रेशन सोडलं तर गावात इतकी चोख नोंद दुसऱ्या कशाचीच नसेल.

आणि तरीही बॅगा गायब होतात, त्या याच नोंदीच्या आडून. हंगामाआधी दुकानात गर्दी नसते तेव्हा माणूस घरातली, भावकीतली, सालगड्याची आधार कार्डं आणि ती माणसं गोळा करून नेतो. जमीन किती, पेरायचंय काय, हे आमच्याकडं कुणी विचारत नाही. अंगठे उठतात, बॅगा निघतात. दुसरा प्रकार माझ्या स्वतःच्या बाबतीत घडला आहे. ‘आला नाही ताई, परत ठेवा’ म्हणत अंगठा पुन्हा पुन्हा घेतला, घरी बॅगा आल्या तेवढ्याच, आणि पावती मागितली तर कागदाचा रोल संपला होता. माझ्या नावावर त्या दिवशी किती खत चढलं हे मला आजही माहीत नाही. तुम्हाला मात्र बसल्या जागी कळू शकतं.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. ऐन गर्दीत दुकानदार अंगठ्याविनाच, जास्त भावानं, ओळखीच्या माणसाला माल देऊन मोकळा होतो आणि अंगठे नंतर जुळवत बसतो. तोवर दुकान रिकामं आणि यंत्रात साठा भरलेला. तुमची ‘पुरेसा साठा’वाली पत्रकं याच यंत्रातल्या आकड्यांवर लिहिली जातात. तपासणीत प्रत्यक्ष साठा आणि ई-पॉसवरचा साठा यांत तफावत सापडली म्हणून परवाने निलंबित झाल्याच्या बातम्या तुमच्याच विभागाकडून येतात. म्हणजे यंत्र खोटं बोलू शकतं हे तुम्हाला ठाऊक आहे. मग पत्रक काढताना त्याच्यावर एवढा विश्वास कसा बसतो?

आता आमच्या माणसांबद्दल. गेल्या खरिपात मी डीएपी दुकानातून घेतलंच नाही. गावातल्याच एका घरातून घेतलं, 1350 छापलेली बॅग 1800 ला. विकणारा नात्यानं माझा चुलत दीर. काही मोठा व्यापारी नव्हे; त्याच्या घरच्या पंगतीत आम्ही वाढायला असतो. मी म्हटलं, ‘भाऊजी, पोत्यावर किंमत छापलेली हाय की.’ तर म्हणाला, ‘वहिनी, रांगेत मी उभा राहिलो, तुम्ही नव्हत्या. माझं भाडं, माझी मजुरी धरा. आन् नाही परवडत तर राहू द्या, मागं चौघं उभे हायेत.’

त्याच्या बोलण्यात काहीच तथ्य नाही असं नाही. रांगेत उभं राहणं हे काम आहे, तालुक्याहून पोतं आणायला भाडं लागतं. त्याचे पन्नास-शंभर रुपये मी खुशीनं दिले असते. साडेचारशे ही मात्र मजुरी नव्हती, ती माझ्या वापशाची किंमत होती. उद्या पाऊस उघडला तर हिला पेरावंच लागणार, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. शिवाय ती बॅग पूर्ण त्याच्या पैशाची नव्हतीच. तिच्यावर सगळ्यांच्या करातून गेलेलं अनुदान होतं, आणि ते पेरणाऱ्यासाठी होतं, दारात उभ्या असलेल्या बाईकडून वसुली करायला नव्हतं. पैसे देऊन घेतलं, चोरी केली नाही, असं म्हणणाऱ्या गावागावांतल्या भाऊजींनी एवढं ऐकून ठेवावं: खत (नियंत्रण) आदेश 1985 प्रमाणे परवाना नसताना खत विकताच येत नाही, छापील किमतीलाही नाही. आणि जीवनावश्यक वस्तू कायदा 1955 खाली या गुन्ह्यांना तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे.

तरीही अधिकारी महोदय, माझ्या दिराला तुरुंगात घाला असं मी म्हणत नाही. मला भीती अशी, की हे पत्र वाचून तुम्ही कुणावर कारवाई केलीच तर ती अशाच दहा बॅगावाल्यावर होईल, कारण तो सापडायला सोपा. ज्यानं शंभर अंगठे गोळा करून ट्रक भरला तो सापडत नाही. खरं तर त्याला शोधायची सोय तुमच्याकडं आहे. जिल्ह्यात सगळ्यात जास्त खत उचललेल्या खरेदीदारांच्या याद्या केंद्राकडून तपासणीसाठी येतात. त्या नावांच्या घरी कोण गेलं, तिथं जमीन किती निघाली, पुढं काय झालं, हे आमच्या कानावर कधी आलेलं नाही.

लिंकिंगबद्दल थोडक्यात, कारण यावर बोलून सगळे थकलेत. डीएपी हवं तर सोबत नॅनो युरियाची बाटली घ्या, झिंक घ्या, नाहीतर विद्राव्य खताची पिशवी घ्या. नको म्हटलं की डीएपी संपलेलं असतं. बिलावर प्रत्येक वस्तू वेगळी लिहितात, जणू मीच मागितली. माझ्या घरी अशा न उघडलेल्या बाटल्या आहेत. फवारणीयंत्र दुसऱ्याचं आणून त्या मारायच्या कधी, हे विकणाऱ्यालाही सांगता आलं नाही. दुकानदार म्हणतो, मला वरून तसंच येतं, कंपनी मलाच गळ्यात मारते. यात तो खोटं बोलत नसावा, कारण खुद्द विक्रेत्यांनी लिंकिंगविरुद्ध बंद पाळलेले आहेत. पण तुमचं भरारी पथक येतं ते दुकानावर. कंपनीच्या दारात ते उतरल्याचं आम्ही ऐकलेलं नाही.

बियाण्याची गोष्ट वेगळी आहे आणि यंदा ती खतापेक्षा गंभीर आहे. सप्टेंबर 2025 च्या पुरात आमच्याकडं सोयाबीन दिवसेंदिवस पाण्यात उभं होतं. शेंगा झाडावरच फुगल्या, कित्येक ठिकाणी दाण्याला कोंब फुटले. एरवी सोयाबीनला दरवर्षी बॅग विकत घ्यायची गरज नसते. ते सरळ वाणाचं पीक, संकरित नव्हे. घरचं निवडून ठेवलेलं बियाणं दोन-तीन वर्षं चालतं. यंदा घरोघरचं ते बियाणंच भिजलं. जो कधी दुकानात जात नव्हता तोही जाणार, हे तुम्हाला ऑक्टोबरातच दिसत होतं. आणि माणसं किती घाबरलेली असतील याचा अंदाज 2020 वरून करा. त्या खरिपात पेरलेलं सोयाबीन उगवलं नाही म्हणून मराठवाड्यात तक्रारींचा ढीग लागला होता, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली होती. दुबार पेरणी ज्यानं केलीय त्याला ‘बियाणं मुबलक आहे’ हे वाक्य पुरत नाही. कुठल्या वाणाचं, कुठल्या दुकानात, किती, आणि उगवण किती टक्के, हे त्याला कळायला हवं.

कपाशीत तर गर्दी ठरवून होते. गुलाबी बोंडअळीमुळं लवकर पेरा होऊ नये म्हणून बियाणं विकायला तारीख ठरते. अळीसाठी ते योग्यच आहे, पण त्यामुळं सगळा जिल्हा एकाच आठवड्यात एकाच काउंटरवर येतो. सगळ्यांना त्याच एक-दोन वाणांची पाकिटं हवी असतात. 2025 साठी बीजी-2 च्या, म्हणजे बीटी कपाशीच्या, 475 ग्रॅमच्या पाकिटाची किंमत सरकारनं 901 रुपये ठरवली होती. मागणीच्या वाणाला आमच्याकडं लोकांनी त्याच्या दीडपट मोजले, तेही बिलाविना. एकाच वाणाचा आग्रह धरू नका, हा तुमचा सल्ला शास्त्र म्हणून बरोबर आहे. पण ज्या बाईला आणि तिच्या मजूरणींना कापूस वेचायचा असतो तिला बोंड सोपं सुटणारं वाण हवं असतं, आणि वेचणीची मजुरी किती वाढलीय हे तुम्ही जाणता. शिवाय मनातलं वाण मिळालं नाही की रात्री मोटरसायकलवर चोर बीटी, म्हणजे बिनपरवानगीचं कपाशी बियाणं, येतं. त्याला ना बिल, ना लेबल, ना उगवणीची हमी. उगवलं नाही तर तक्रार करायची तर कुणाविरुद्ध?

हे सगळं मराठवाड्याला नवीन नाही, म्हणून जास्त राग येतो. मार्च 2016 मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ कलम 144 लावावं लागलं होतं, एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. एप्रिल 2021 मध्ये, कोरोनाच्या लाटेत, रेमडेसिव्हिरच्या एकेका इंजेक्शनसाठी माणसांनी दागिने मोडले, आणि त्या औषधाची शिफारस करता येत नाही असं जागतिक आरोग्य संघटना नोव्हेंबर 2020 मध्येच सांगून बसली होती. शेवटी त्याचं वाटप जिल्हाधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली थेट रुग्णालयांना सुरू झालं आणि मेडिकलपुढच्या रांगा ओसरल्या. कुठं किती आहे आणि कुणाला किती जाणार, हे एकदा ठरलं की धावपळीला कारण उरत नाही. मग खताला तोच न्याय लावायला दरवर्षी उशीर का?

रेमडेसिव्हिरवरून दुसरीही गोष्ट आठवते, आणि ती तुमच्या खात्याच्या कामाची आहे. आम्ही नावाला पैसे मोजतो. डीएपीच्या एका बॅगेत 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद असतं. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन बॅगा घेतल्या तर त्यात 24 किलो स्फुरद, वर सोळा किलोच्या पुढं गंधक, आणि तेलबियांना गंधक लागतंच. नत्रासाठी सोबत युरियाची अर्धी बॅग टाकली की सोयाबीनच्या एका एकराचं काम होतं, पालाशाचं (पोटॅशचं) तेवढं वेगळं बघायचं. हा हिशोब तुमचेच लोक सांगतात. पण सांगतात कधी, तर डीएपीच्या दुकानापुढं पोलीस उभे राहिल्यावर. तोवर सुपरही संपलेलं असतं. आणि ‘सुपर घ्या’ म्हणताना कुणी हे बघत नाही, की एका बॅगेच्या जागी तीन आणायच्या आहेत. बैलगाडी किंवा ट्रॅक्टर घरचा असणाऱ्याला काही वाटणार नाही. ॲपेमध्ये सीटमागं एक बॅग टाकून येणाऱ्या माझ्यासारखीला तिप्पट भाडं आणि उतरवून घ्यायला एक माणूस लागतो. सुपर एप्रिलमध्ये गावात उतरवा, मी घेईन. गावातल्या अर्ध्या बाया घेतील.

आता मागण्या. पैशांची यात एकही नाही.

सगळ्यात आधी आणि सगळ्यात महत्त्वाची: साठा गावाला दिसू द्या. ई-पॉसमधला प्रत्येक दुकानाचा साठा वरच्यांना रोज दिसतो, तोच आम्हाला दाखवा. खरिपाचे दोन महिने तरी रोज संध्याकाळी कृषी सहाय्यकांनी (त्यांचं पद आता सहायक कृषी अधिकारी झालंय, काम तेच आहे) आपल्या गावांच्या ग्रुपवर टाकावं: अमुक दुकानात डीएपी इतकं, युरिया इतका, सुपर इतकं, सोयाबीनची अमुक वाणाची बॅग इतकी. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तेच खडूनं लिहावं, कारण सगळ्यांकडं फोन नाही. रेल्वेच्या धक्क्याला खताची रेक, म्हणजे मालगाडी, लागली की त्यातलं कुठल्या तालुक्याला किती निघालं, तेही त्याच दिवशी सांगा. लोकांना हे कळलं तर सगळे धावतील, अशी भीती मला एका बैठकीत ऐकवली गेली. साहेब, लोक आत्ताही धावतातच, फक्त अंधारात. उद्या सत्तर बॅगा येणार आहेत आणि परवा दीडशे, हे ठाऊक असलेला माणूस आज चार पोती उचलणार नाही. आणि दुकानात शून्य असताना फळ्यावर चाळीस लिहिलेलं दिसलं, तर तुमच्या भरारी पथकाचं अर्धं काम गावच करून देईल.

दुकानात साठा आणि भावाचा फलक लावणं, पावती देणं हे कायद्यानं आधीच बंधनकारक आहे. ते पाळलं जातंय की नाही हे बघायला साधे कपडे घालून, पिशवी घेऊन, ग्राहक म्हणून या. महिला कर्मचारी पाठवा. सरकारी गाडी वळणावर दिसली की दुकानात फलक लागतो, हे शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे.

यंत्रातला साठा आणि गोदामातला साठा हंगामाच्या आधी एकदा, गावातल्या चार माणसांसमोर मोजा. तफावत निघाली तर परवाना निलंबित करा, पण हंगाम संपेपर्यंत करा. आमच्याकडं निलंबनाची बातमी येते आणि पोळ्याच्या आत ते दुकान पुन्हा उघडं दिसतं.

जास्त खत उचललेल्यांच्या याद्यांवर काय कारवाई झाली ते जाहीर करा. नावं नका देऊ हवं तर, पण किती जणांकडं गेलात आणि किती जणांना सातबारा दाखवता आला नाही, एवढं तरी सांगा. आणि माझ्या आधारवर हंगामभरात किती बॅगा चढल्या हे मला माझ्या फोनवर कळू द्या.

लिंकिंगची तक्रार आली तर दुकानदाराइतकाच जाब कंपनीच्या जिल्हा प्रतिनिधीला विचारा. आणि तक्रार करणाऱ्याचं नाव दुकानात पोहोचणार नाही याची हमी द्या. उधारीवर जगणारा माणूस हमीशिवाय बोलत नसतो.

शेवटची मागणी आमच्यासारख्यांसाठी. खत शेतकरी ओळख क्रमांकाशी जोडायचं बोलणं आता सगळीकडं ऐकू येतं. जमिनीप्रमाणे खत मिळालं तर साठेबाजी कमी होईल हे मला पटतं. पण मी ज्या दोन एकरांवर घाम गाळते ती माझ्या नावावर नाहीत, आणि उरलेली चार अजून सासऱ्यांच्याच नावावर आहेत. बटईनं, ठोक्यानं करणारे, नावावर जमीन नसलेल्या विधवा, वाटण्या न झालेली घरं, यांचं काय, ते आधी ठरवा आणि मगच यंत्राला सातबारा विचारायला शिकवा. तसंच, वेचणी-खुरपणीनं बोटं घासलेल्या बायांचा अंगठा उठत नाही तेव्हा ओटीपीसारखा दुसरा मार्ग काय, ते प्रत्येक काउंटरवर मराठीत लिहून लावा. सध्या आम्हाला ‘घरातल्या माणसाला पाठवा’ असं सांगतात.

25 मेला रोहिणी लागतील. फळ्यावर पहिला आकडा त्याच्या आधी लिहिला गेला पाहिजे. मृग निघाल्यावर लिहिलात तर तोवर माल ज्याच्या घरात जायचा त्याच्या घरात गेलेला असेल.

कळावे,
आपली,
गोदाकाठची एक कास्तकार

ता. क. ज्यांच्या ग्रुपवर हे पत्र येईल त्यांना विनंती: आपापल्या तालुक्यातल्या दुकानातल्या साठ्याच्या फलकाचा फोटो तारखेसकट आपल्या कृषी सहाय्यकांना पाठवा. फलक नसेल तर त्या कोऱ्या भिंतीचा पाठवा.